नमुन्याची जागा

"थुंकी नको, आजोबा. बेडका पाहिजे. छातीतनं खाकरून काढायचा."

मी डबी परत त्यांच्या हातात दिली. आजोबांनी ती उजेडात धरून पाहिली.

"ह्यात काय वाईट हाय? माझीच हाय की."

"तुमचीच आहे हो. पण दुखणं छातीत आणि तुम्ही आणलंय तोंडातलं. ह्यात काय सापडणार? रिपोर्ट चांगला येईल, तुम्ही खुशीत घरी जाल आणि महिन्यानं परत खोकत याल. जावा, मोरीपाशी उभे राहा आणि नीट काढा."

हे भाषण मी दिवसातून पाच-सहा वेळा तरी द्यायचो. डॉ. चौगुले मॅडमच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. आमचं गाव कृष्णाकाठचं, मिरजेहून एसटीनं तासाभराचं. गावात एवढी एकच लॅब, त्यामुळे अर्ध्या गावाचं रक्त माझ्या हातून गेलेलं. प्रमोद गुरवाची सुई लागत नाही, असं बायका एकमेकींना सांगायच्या. मला त्याचा माज होता. चुकीचा नमुना आणणाऱ्या माणसांचा तर मनापासून राग यायचा. एवढी साधी गोष्ट कळत नाही, मग तपासायला येता कशाला?

त्या सकाळी आजोबा मोरीकडे गेले आणि त्यांच्यामागे बाकावर मला अभिनंदन दिसला. त्या सकाळीला आता बारा वर्षं झाली, तरी आठवतंय. त्याच्या अंगात निळा शर्ट होता आणि तो माझ्याकडे न बघता भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

अभिनंदन मगदूम आचारी होता. आमच्या भागातल्या जैन लग्नांत त्याच्या हाताला मान होता. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काहीच नाही, आणि तरी माणसं पानावरून उठायची नाहीत. दिवाळीपासून, म्हणजे सात महिने, आम्ही दोघं एकमेकांचे होतो. गावाच्या लेखी दोस्त. त्याच्या घराच्या वरच्या खोलीत, दार लावल्यावर, जे होतं ते दोस्तीपेक्षा पुष्कळ जास्त होतं. सुरुवातीला आम्ही काळजी घ्यायचो, निरोध वापरायचो. मग भरवसा बसला आणि ती काळजी सुटली.

"काय रे, आज इकडं कुठं?" मी विचारलं.

"आत चल की जरा."

आतल्या खोलीत रक्त घुसळायचं मशीन घरघरत होतं, त्यामुळे बोललेलं बाहेर ऐकू जात नसे. अभिनंदननं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या.

"लघवीला जळजळ होत हुती. आठ दिवस अंगावर काढलं. मग मिरजेला गेलो. क्लॅमिडिया म्हणत्यात. वाच, तुला कळतंय त्यातलं."

मी वाचलं. खाली डॉ. तरन्नुम मुजावर अशी सही होती. नमुना लघवीचा, जंतू सापडला. आम्हांला कोर्सला त्याच्यावर अर्धं पान होतं. संबंधातून पसरणारा जंतू, एवढं आठवलं. आमच्याकडे ती तपासणी होत नसे, नमुना मुंबईला धाडावा लागायचा.

"घाबरायचं काय न्हाई," तो म्हणाला. "सात दिवस गोळ्या. सकाळी एक, रात्री एक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जोडीदाराला पण द्या, त्याला काय त्रास नसला तरी. बऱ्याच जणांना काय कळतच न्हाई म्हणं, आत असतंय आणि पत्ता नसतोय. ही पट्टी तुझी. आणि तू पण तपासून घे."

"कुणाकडनं आणलंस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुणाकडनं म्हंजे? तुझ्याशिवाय मी कुठं गेलो न्हाई, पम्या."

"म्हणजे मी दिलं."

"मी तसं म्हणालो काय? तपासून घे म्हणालो."

"बेळगावला बारा दिवस होतास."

"चारशे माणसांचं जेवण करालतो बेळगावात! रात्री पाठ टेकली की मेल्यागत झोपालतो." त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "हे बघ, भांडायला आलो न्हाई. पुढल्या महिन्यात महाराज चातुर्मासाला येणार. आमच्या दारात चौका मांडायचा हाय, आई वर्षभर वाट बघालीय. त्याच्या आत मला बरं व्हायचंय. तिथं उभं राहून मी खोटं बोलू शकत न्हाई."

चौका म्हणजे काय ते मला माहीत होतं. आदल्या चातुर्मासात रस्त्याच्या पलीकडून मी तो पाहिला होता, तेव्हा आमची नुसती तोंडओळख होती. मुनी सकाळी आहाराला निघतात. ज्यांनी शुद्धतेनं स्वयंपाक केलाय ती माणसं धुतलेल्या कपड्यांत दारात उभी राहतात, हात जोडून त्यांना बोलावतात, आणि घास देण्याआधी मोठ्यानं म्हणतात, मन शुद्धी, वचन शुद्धी, काय शुद्धी, आहार-जल शुद्ध. माझं मन शुद्ध आहे, बोलणं शुद्ध आहे, काया शुद्ध आहे. अभिनंदननं ते म्हटलं तेव्हा त्याचा आवाज थरथरला होता. मला त्याचा तो आवाज आवडला होता, आणि त्या आवाजामुळेच पुढे मी त्याच्याशी ओळख वाढवली.

"बरं," मी म्हणालो. "कागद राहू दे माझ्याकडे. नीट वाचतो."

त्यानं तो दिला. एका शब्दानं विचारलं नाही, कशाला म्हणून.

तो गेल्यावर माझ्या वाट्याची गोळ्यांची पट्टी मी पिवळ्या पिशवीत टाकली. लॅबमधलं टाकाऊ औषध त्या पिशवीत जातं आणि पिशवी भट्टीत जाते.

मी नमुना दिला. माझ्या नावानं नाही अर्थात. फॉर्मवर लिहिलं, गणपत माने, वय पंचेचाळीस. खाली रकाने होते. लघवीसमोर बरोबरची खूण केली. त्याच्याखाली होतं, स्वॅब, आणि पुढे, नमुन्याची जागा. तो रकाना कोरा सोडला, बाटली भरली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि कुरिअरवाल्याच्या हवाली केली.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. जंतू आढळला नाही.

तो कागद वाचताना मला जो आनंद झाला तो सुटकेचा नव्हता. मी बरोबर होतो, याचा तो आनंद होता. मी स्वच्छ. म्हणजे घाण त्यानं बाहेरून आणली, वर शहाजोगपणे मलाच गोळ्या आणून दिल्या. बेळगावातला कोण असेल, कसा दिसत असेल, त्याच्यासाठी अभिनंदननं काय रांधलं असेल, हे मी चार रात्री मनात चघळत होतो. आता पुरावा हातात होता, आणि पुराव्यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास.

संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. तो परसात चुलीवर मोठं पातेलं चढवत होता. मी कागद त्याच्या तोंडासमोर धरला.

"गणपत माने कोण?" त्यानं विचारलं.

"मीच. वाच खाली."

त्यानं वाचलं. दोनदा वाचलं. मग अगदी खरोखर कोडं पडल्यासारखं म्हणाला, "मग मला कुठनं आलं?"

"मला काय विचारतोस? बेळगावला विचार."

"पम्या, आईशप्पथ..."

"आईला मध्ये आणू नकोस. नाटक चांगलं करतोस. चौक्यात पण असंच करत असशील."

त्याचा चेहरा असा उतरला की दुसरा कोणी असता तर थांबला असता. मी थांबलो नाही. आणखीही बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. तो पातेल्याखालचं लाकूड पुढे सारत राहिला. मी निघालो तेव्हा एवढंच म्हणाला, "गोळ्या तेवढ्या घे. कागदावर काय बी असू दे."

मला वाटलं, हा अजूनही मलाच रोगी ठरवतोय. तिथंच माझं ठरलं.

संधी माझ्या टेबलावर आपण होऊन आली. चातुर्मासात बाहेरगावाहून दर्शनाला माणसं येतात, त्यांच्यासाठी जैन मंदिराची समिती भोजनशाळा उघडणार होती. मुख्य आचारी अभिनंदन. समितीचे अध्यक्ष भूपालअण्णा मोठे शिस्तीचे. त्यांनी फर्मान काढलं की स्वयंपाकघरातल्या प्रत्येक माणसाची तपासणी झाली पाहिजे, रक्त, शौच, कावीळ, सगळं. नऊ माणसं रांगेनं माझ्यासमोर येऊन बसली. आठवा अभिनंदन. त्यानं बाही वर केली. मी शीर शोधली, सुई घातली, रक्त काढलं. कापूस दाबून धर, एवढंही मी म्हणालो नाही. ते त्याला माहीत होतं.

नऊच्या नऊ जणांचे रिपोर्ट निर्मळ आले. अभिनंदनचा तर सगळ्यांत चांगला. मी प्रत्येकाचं एक पाकीट केलं. अभिनंदनच्या पाकिटात त्याचा रिपोर्ट घातला आणि त्याच्यामागे मिरजेचा तो कागद, नीट घडी उलगडून, वर नाव दिसेल असा. दोन्ही एकत्र स्टेपल केले. पिन मारली तो आवाज मला अजून ऐकू येतो, कारण तेव्हा तो फार गोड लागला होता.

मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. बाटली बदलली नव्हती, आकडा फिरवला नव्हता. एक खरा कागद दुसऱ्या खऱ्या कागदाला जोडला होता. तो जंतू जेवणातून पसरत नाही, ताटातून नाही, पाण्यातून नाही, स्वयंपाक करणाऱ्या हातांचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मला माहीत होतं आणि भूपालअण्णांना माहीत नव्हतं. माझा सगळा डाव त्या न माहीत असण्यावर उभा होता.

समितीत आरडाओरडा झाला नाही. ती माणसं सभ्य होती. भूपालअण्णा स्वतः मगदुमांच्या घरी गेले, चहा नको म्हणाले आणि सांगितलं, पोराची तब्येत सुधारू दे, यंदा भोजनशाळा दुसऱ्याला देतो. जाता जाता दारात थांबून म्हणाले, आणि यंदा चौका पण नको. पण समितीत सात माणसं आणि सात माणसांच्या घरी सात बायका. चार दिवसांत गावाला कळलं की अभिनंदनला गुप्तरोग आहे. बेळगावात बायकांकडे जातो म्हणे, असं लोकांनीच ठरवलं. पुढच्या दोन लग्नांच्या स्वयंपाकाची बोलणी आपोआप थंडावली. कुणी त्याला काही विचारलं नाही, आणि त्याच्या हातचं कुणी खाल्लंही नाही.

महाराज आले. पहिल्या रविवारी सकाळी मी मुद्दाम त्या गल्लीत गेलो आणि समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. दारादारांत रांगोळ्या होत्या, धुतलेल्या कपड्यांतली माणसं होती, कलश होते. मगदुमांचं दार लावलेलं होतं. महाराज समोरून गेले तेव्हा खिडकीच्या गजांमागे त्याची आई दिसली. तिनं पदर डोक्यावर घेतला होता आणि आतूनच हात जोडले होते. तिच्या मागे कोणी उभं होतं का, ते दिसलं नाही.

मला बरं वाटलं. आता इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू? छान वाटलं. भाजी चिरताना बोट कापलं तर माणूस सुरी फेकून देतो, मी तर त्याच सुरीनं अख्खा माणूस कापला होता आणि वर मला भूक लागली होती. समोरच्या हॉटेलात जाऊन मी मिसळ खाल्ली, जादा तर्री घेऊन.

महिन्याभरात अभिनंदन गाव सोडून गेला. कर्नाटकाच्या हद्दीवरच्या एका डोंगरावर धर्मशाळा आहे, तिथं स्वयंपाकघरात लागला असं कळलं. मुख्य आचारी म्हणून नव्हे. भाजी निवडायला आणि वाढायला.

मला खरं तर काही महिन्यांपासून थोडा त्रास होता. शौचाच्या जागी कधी ओलसर वाटायचं, कधी कपड्यावर रक्ताचा एखादा ठिपका, कधी नुसतं जड. मग आठवडेच्या आठवडे काही नाही. बैठं काम, तिखट खाणं. मूळव्याध असणार, दुसरं काय? आमच्याकडे एसटी स्टँडच्या प्रत्येक खांबावर बिगर-ऑपरेशन मूळव्याध अशी पाटी असते. त्यातल्या एकाकडे गेलो. त्यानं न बघता चूर्ण दिलं आणि वांगं बंद केलं. दोन महिने चूर्ण खाल्लं, काही फरक नाही. दिवाळी झाली, आणि मग एका सकाळी रक्त जरा जास्त दिसलं आणि मी घाबरलो.

मिरजेला जायचं ठरवलं तेव्हा एकच नाव डोळ्यांसमोर होतं, त्या कागदावरचं. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं.

डॉ. मुजावर पन्नाशीच्या होत्या, डोक्यावर ओढणी, चष्मा नाकावर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सर्दी-खोकल्याबद्दल विचारावं तितक्या सहज विचारलं, "तुमचे संबंध पुरुषांशी येतात का?"

मी मागे वळून दार लागलंय का ते पाहिलं.

"हे मी प्रत्येकाला विचारते. उत्तरावरून काय तपासायचं ते ठरतं, बाकी काही ठरत नाही."

"हो," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर म्हणालो. "पण तसलं काही नाही, मॅडम. मी तपासलंय. जूनमध्येच तपासलंय. क्लॅमिडिया निगेटिव्ह आहे माझा."

"नमुना कुठला दिला होता?"

"लघवीचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काम काय करता तुम्ही?"

"लॅब टेक्निशियन आहे."

मला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. "मग मी तुम्हांला काय सांगू? हा जंतू जिथं शिरतो तिथं राहतो. गुदाशयात असेल तर लघवीत सापडेलच असं नाही. बऱ्याचदा नाहीच सापडत. त्या जागेचा स्वॅब घ्यावा लागतो. बहुतेकांना तिथं काही जाणवत नाही. महिनोन् महिने, वर्षभरसुद्धा. जाणवलं तर मूळव्याधच वाटते. तुमच्या फॉर्मवर जागेचा रकाना नव्हता का?"

"होता," मी म्हणालो.

स्वॅब त्यांनी मलाच घ्यायला दिला. पडद्याआड जाऊन घ्यायचा, एक मिनिटाचं काम. दुखलंही नाही. हातात ती काडी धरून उभा होतो आणि मला मोरीपाशी उभे असलेले ते आजोबा आठवले. माझीच हाय की, म्हणत होते.

जून महिन्यात आमच्या ड्रॉवरमध्ये तशा दोन काड्या होत्या. नाव खोटं होतं, वय खोटं होतं, तरी त्या एका रकान्यात खरा शब्द लिहायला माझा हात धजला नव्हता. गणपत मान्याचीसुद्धा मला लाज वाटली होती.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. जंतू सापडला.

"ह्याच्यावरून कळतं का," मी विचारलं, "कुणी कुणाला दिला ते?"

"नाही. जंतू आहे की नाही एवढंच कागद सांगतो. कुणाकडून आला ते तो सांगत नाही, आणि मीही सांगत नाही. गोळ्या चौदा आहेत, सगळ्या घ्यायच्या, बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. संपून आठवडा होईपर्यंत संबंध नको. एचआयव्ही आणि सिफिलिस आत्ताच तपासू. तीन महिन्यांनी परत स्वॅब. आणि ज्याच्याशी संबंध आला असेल त्याला सांगा. सगळ्यांत अवघड काम ते असतं, पण सांगा."

औषधाच्या दुकानात त्यानं जी पट्टी काढून दिली ती ओळखीची होती. तेच नाव, तोच हिरवा पट्टा. एकदा ती मला फुकट, घरपोच मिळाली होती.

दुकानाच्या बाहेर उभं राहून मी पुण्याला फोन लावला. अभिनंदनच्या आधी, आदल्या वर्षीच्या गणपतीत, नव्या मशीनचं शिक्षण घ्यायला मी आठ दिवस पुण्याला होतो. तिथं एक जण भेटला होता. दोन संध्याकाळी. नंबर अजून होता माझ्याकडे, आणि त्याची मला एकदाही आठवण झाली नव्हती. बेळगाव, बेळगाव म्हणून मी घसा कोरडा केला होता, आणि पुणं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"क्लॅमिडिया ना?" तो पलीकडून आरामात म्हणाला. "हो, मला तेव्हाच झालं होतं. औषध घेतलं, गेलं. का रे?"

"मला सांगितलं नाहीस."

"अरे, दोन दिवसांची ओळख. तुला काय सांगायचं?"

मी फोन बंद केला. ज्यानं सांगितलं नाही त्याच्यावर मला रागसुद्धा आला नाही. ज्यानं सांगितलं, सकाळच्या वेळी, लॅबमध्ये येऊन, हातात गोळ्या घेऊन, त्याचं मी काय केलं होतं ते समोर उभं होतं.

चौदा गोळ्या घेतल्या. एकही चुकवली नाही. वरचा आठवडा गेला आणि मी डोंगर चढलो.

संध्याकाळच्या पंगतीची तयारी चालली होती. तिथं दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात, त्यामुळे सगळे घाईत होते. अभिनंदन स्वयंपाकघराच्या मागच्या कट्ट्यावर भेंडी पुसत बसला होता. वाळला होता. मला बघून उठला नाही.

"ये," म्हणाला. "जेवायला आलास?"

मी रिपोर्ट त्याच्यासमोर धरला. या वेळी वर माझं खरं नाव होतं. त्यानं हात फडक्याला पुसले आणि वाचला. जागेचा रकाना त्यानं बोट ठेवून वाचला.

"गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या. सगळ्या."

"तीन महिन्यांनी परत तपासायचं असतंय."

"माहीत आहे." मग मी भडभडा सगळं सांगितलं. पुणं सांगितलं, बाटली सांगितली, कोरा रकाना सांगितला. पाकीट सांगायला गेलो तेव्हा त्यानं हात वर केला.

"ते सांगू नको. कागद तुझ्याकडंच हुता. मला त्याच दिवशी कळलं." त्यानं आणखी एक भेंडी पुसली. "सगळी म्हणत्यात, पम्याची सुई बरोबर शिरेत जातीया. माझी पण बरोबर घावली तुला."

"मी भूपालअण्णांना जाऊन सांगतो. माझ्यामुळं झालं म्हणून. उद्याच जातो."

"काय सांगशील?"

"की तुझी चूक नव्हती. माझ्याकडनं तुला..."



"बोल की," तो म्हणाला. "तुझ्याकडनं मला कसं आलं ते पण सांगशील न्हवं? आता गाव म्हणतंय बाहेर बायका ठेवल्यात. तू गेलास की आणि एक पाकीट. आई अजून त्या गावात राहतीया, पम्या."

तोवर मला वाटत होतं, कबुली दिली की काहीतरी परत जागेवर येईल. त्यासाठीच तर डोंगर चढून आलो होतो.

"मग मी काय करू? तूच सांग. मार मला."

अभिनंदन उठला. भेंडीची परात त्यानं आत सरकवली, नळाखाली हात-पाय धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"मी सातव्या दिवशी बरा झालो. परत तपासलं, कागद हाय माझ्याकडं. तरी मला चौक्यात जे म्हणू दिलं न्हाई, ते तू म्हण. हितं. माझ्यासमोर. तुला पाठ हाय, रस्त्यावर उभारून ऐकलायस."

"अभि..."

"हात जोड आणि म्हण. मग माझं तुझं मिटलं."

मी हात जोडले. काय शुद्धी मला कदाचित म्हणता आलं असतं, चौदा गोळ्या पुऱ्या केल्या होत्या. पण ते तिसरं होतं. त्याच्या आधी वचन होतं, आणि सुरुवात...

"मन," मी म्हणालो.

पुढचा शब्द येईना. परत म्हणालो, "मन."

तो थांबला. चांगला वेळ देऊन थांबला. आतून कोणीतरी त्याला हाक मारली, पंगत बसली होती. त्यानं वरणाची बादली उचलली, पळी तिच्यात टाकली.

"दिवस बुडायच्या आत वाढायचं असतंय," म्हणाला आणि आत गेला.

मी तिथंच हात जोडून उभा राहिलो. आतून त्याचा आवाज येत होता, एकेका पानापाशी थांबून तो विचारत होता, वाढू का?